देव बसवायचा मान

करंबवाडीत माकड कधी मरत नाही. देव जातो. "मारुतीराय गेलं" असं म्हणायचं आणि म्हणताना डोक्याचा पटका काढायचा, ही तिथली रीत. आजऱ्याच्या पल्याड, जिथं एसटीची वाट संपते आणि कारवीचं रान सुरू होतं, तिथलं हे चाळीस उंबऱ्यांचं गाव. रानातलं एखादं वांदर गावाशेजारी मेलं की त्या दिवशी औत जुंपायचं नाही आणि देव पोचेपर्यंत चूल पेटवायची नाही. देवळापुढं खुर्ची मांडायची, तीत देव बसवायचा, गुलाल टाकायचा, हार घालायचा, सगळ्या गावानं पाया पडायचं. मग टाळ कुटत ओढ्याकाठी न्यायचं.

आणि तिथं गावाचं शहाणपण संपायचं. कारण देवाला आडवं पुरायचं नाही, मांडी घालून बसवायचं. मेलेल्याला बसवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. ते लिंगायतांना येतं, ते आपलं माणूसही बसवूनच पुरतात, आणि गावात लिंगायताचं घर एकच, बसाप्पाचं. म्हणून चार पिढ्या हा मान त्या घराकडं. अंघोळ घालायची बसाप्पानं, मांडीवर घ्यायचं बसाप्पानं, खड्ड्यात उतरून बसवायचं बसाप्पानं. एरवी दीड एकर नाचणीचा धनी, पण त्या दिवशी पाटलानंसुद्धा त्याच्या मागनं चालायचं. म्हातारा सत्तरीला टेकला होता, गुडघे कुरकुरत होते, पण "देव गेला" म्हटलं की छडीसारखा ताठ व्हायचा.

त्याच घरची सून रत्नव्वा. नवरा चनबसाप्पा इचलकरंजीत मागावर, सासू मागंच वारलेली. घरात काय ते दोघं, सासरा आणि सून.

सत्तर साल होतं ते. नाचणी पोचट निघाली होती, कणसात दाणा कमी आणि भुसा जास्त. पौषात गावात एक जीप आली. तीतनं पुण्याचे डॉक्टर उतरले, नृसिंह साठे नावाचे. चष्मा, उन्हानं सोललेलं नाक, पायात गमबूट. त्यांनी चावडीत सांगितलं, की रानातले गोचीड गोळा करायचेत, माणसं पाहिजेत, रोजानं.

गाव पोट धरून हसलं. गुरांच्या अंगावरचे गोचीड काढून काढून हात कंटाळले, आणि हा पुण्याचा माणूस ते मोजून न्यायला आलाय! तिथल्या तिथं त्यांचं नाव गोचीडसायेब पडलं. एकही गडी तयार होईना. दुसऱ्या दिवशी रत्नव्वा डोक्यावर पदर ओढून जीपपाशी जाऊन उभी राहिली.

"मी येते की. काय करायचं ते दावा."

काम तसं सोपं दिसायचं. चादरीएवढं पांढरं फलालीनचं कापड, त्याच्या एका कडेला काठी, काठीला दोरी. ते रानातल्या पाचोळ्यावरनं ओढत न्यायचं. वीस पावलं झाली की उलटं करायचं, गुडघ्यावर बसायचं आणि चिकटलेले गोचीड चिमट्यानं उचलून काचेच्या नळीत टाकायचे. पण गोचीड म्हणजे काय गुराच्या कानातला टपोरा दाणा? ही रानातली पिल्लं, तिळाएवढी, काही तर खसखशीएवढी. डॉक्टरांच्या हाताखालच्या शिकलेल्या पोरांना कापडावर दहा दिसायचे, तिथं रत्नव्वा तीस उचलायची. जन्मभर नाचणीतला खडा निवडलेली बाई ती. तिच्या नजरेतनं तीळ काय सुटणार!

"बाई, डोळे आहेत का दुर्बीण?" डॉक्टर एकदा म्हणाले.

"तुमास्नी काच लावावी लागती म्हंजे तुमचंच डोळं बिघडल्यालं," रत्नव्वानं सांगून टाकलं. डॉक्टर हसले, पण नळ्यांच्या चिठ्ठीवर त्या दिवसापासनं ते तिचं नाव लिहायला लागले.

त्यांनीच तिला सगळं नीट सांगितलं होतं. शिमोग्याकडच्या रानात दहा-बारा वर्षांमागं माकडं पटापटा मरायला लागली. त्यांच्या अंगावरचे गोचीड माणसाला चावले, माणसंही तापानं फणफणली, काही दगावली. तिकडं त्याला मंगन कायिले म्हणतात, माकडाचं दुखणं. ते रानारानानं इकडं सरकतंय का, एवढंच बघायचं.

"माकड मेलं, की त्याचं अंग गार पडतं," डॉक्टर म्हणाले. "मग गोचीड ते अंग सोडतात आणि जे गरम मिळेल त्यावर चढतात. म्हणून मेलेलं माकड हाताळायचं नाही. आणि बाई, मला एक तरी ताजं मेलेलं माकड तपासायला पाहिजे. नुसत्या गोचिडांवरनं अर्धंच कळतं. दोन महिने हिंडतोय, पण कुठल्याच गावानं दिलं नाही. कळतं तेव्हा पुरून झालेलं असतं."

कोण पुरतं, कसं पुरतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

घरी येऊन तिनं सासऱ्याला सांगून बघितलं. बसाप्पा भाकरी मोडत होता.

"मामंजी, सायेब म्हनत्यात, मेल्याल्या माकडाला..."

"देवाला," बसाप्पा म्हणाला.

"देवाला हात लावू ने म्हनत्यात. गोचीड चढत्यात."

"चार पिढ्या लावला हात. कोन मेलं?" म्हाताऱ्यानं ताट सरकवलं. "कानडी मुलखातलं दुखनं कानडी मुलखात ऱ्हाऊ दे. आनि तू त्यो गमबूट घालून हिंडतीस न्हवं, ते बगून मला चावडीवर बसायची लाज वाटती. बसाप्पाची सून रानाला खराटा मारती म्हनत्यात."

खोटं नव्हतं ते. गमबूट, पोटऱ्यांवर सुतळीनं आवळलेलं लुगडं, हातापायाला डॉक्टरांनी दिलेलं उग्र वासाचं तेल. पाणवठ्यावर शेजारची चिमणाबाई नाक दाबून बाजूला व्हायची.

"आली बगा गोचीडसायबीन! सर गं बाई, घागरीत पडतील हिच्या अंगावरनं."

"पडलं तर येचून दीन की," रत्नव्वा म्हणायची. "तुला थोडंच दिसनार हाईत!" पण घरी आल्यावर ती अंगणात तीन-तीनदा लुगडं झटकायची, आणि झटकताना डोळे भरून यायचे. उगाच कशाला लपवायचं?

असा माघ सरला. फाल्गुनातल्या एका सकाळी ती नदीकडच्या रानात एकटीच कापड ओढत होती. डॉक्टर चार मैलांवर तळावर होते. ऊन चढायला लागलं तसा गावाकडनं टाळांचा आवाज आला. सण नाही, वार नाही. रत्नव्वानं कापड गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि गमबुटानं धपाधपा पळत सुटली.

देवळापुढं सगळा गाव. खुर्चीत देव बसवलेला, काळ्या तोंडाचा मोठा नर, कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूचा हार. पहाटे आंब्याखाली पडलेला सापडला होता. बाया रांगेनं येत होत्या, पायांवर डोकं ठेवत होत्या. चिमणाबाईनं कडेवरचं नातवंड खाली घेतलं आणि त्याचं कपाळ देवाच्या पायाला टेकवलं. आणि पुढं, उघड्या अंगानं, नव्या धोतरात, बसाप्पा. शेजारी पाण्याची घंगाळी. गुंडू गुरवानं मंत्र संपवला की म्हातारा देवाला मांडीवर घेणार.

"मामंजी! थांबा! हात लावू नगासा!"

टाळ थांबले. एवढ्या माणसांत सुनेनं सासऱ्याला ओरडून बोलायचं, हे करंबवाडीनं कधी ऐकलं नव्हतं. बसाप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खुळी झालीस का?" गुंडू गुरव खेकसला. "बाईमानसानं या कामात पुढं यायचं नसतंय. त्यात ह्ये पायात काय! देवाम्होरं गमबूट!"

"गोचीड उतराय लागल्यात त्याच्या अंगावरनं. समद्यांच्या अंगावर चढतील."

"कुठं हाईत? दाव की!"

कुणालाच काही दिसत नव्हतं. दिसणार कसं? करडा केस, तांबडी माती. कृष्णात पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बसाप्पा, सुनंला घरात न्ये. मान तुझा, गोंधूळ बी तुझाच."

ते ऐकलं आणि रत्नव्वाला वाटलं, आता मागं फिरले तर म्हातारा हात लावणारच. वादानं हे मिटायचं नाही. तिनं खांद्यावरचं फलालीन काढलं, झटकून दोन्ही बाजू सगळ्यांना दाखवल्या, आणि खुर्चीच्या पायाशी पसरलं.

"ह्ये बगा, कोरं हाय. कुनी बोलू नगा. हळदीकुंकवाला बसता तेवढा येळ गप बसा. काय न्हाय दिसलं तर उद्यापासनं मी रानात जानार न्हाय, आनि गावच्या पानवठ्यावर बी येनार न्हाय."

हट्टाला पेटलेल्या बाईपुढं कोण बोलणार? ऊन कापडावर पडलं होतं, डोळे दिपत होते. पहिल्यांदा एक ठिपका हलला, खुर्चीच्या पायापाशी. मग दुसरा. मग बघता बघता दहा, वीस, तिळाएवढे ठिपके कापडावरनं चालायला लागले, आणि चालत होते ते सरळ माणसांकडं. पुढच्या रांगेत बसलेला पाटील मांडी मोडून असा उठला, की त्याचा पटकाच खाली पडला. चिमणाबाईनं किंकाळी फोडून नातवाला उचललं.

"लांब घेऊ नगंस पोराला, हिकडं आन!" रत्नव्वा म्हणाली. तिनं त्याचं कपाळ बघितलं, कानामागं बघितलं, केसात बोटं घातली. एक मिळाला. चिमट्यानं उचलून नळीत टाकला आणि कापसाचा बोळा लावला.

मग ती सासऱ्याकडं वळली. बसाप्पाच्या खांद्यावर, जानव्यासारख्या आलेल्या लिंगाच्या दोऱ्यापाशी एक ठिपका रुतून बसला होता. तिनं तो अलगद काढला. म्हातारा हलला नाही. चार पिढ्यांचा मान त्याच्याच सुनेनं भर गावात त्याच्या हातातनं काढून घेतला होता.

"मग आता देवाचं करायचं कुनी?" गुंडू गुरव लांबनं म्हणाला. "का कुत्र्यागत ओढून टाकायचं?"

"टाकायचं कशाला?" रत्नव्वा म्हणाली. "अंगाला तेल लावल्यालं, बूट घाटल्यालं, हातात रबरी मोजं घाटल्यालं मानूस हात लावू शकतंय. त्येवढं माज्यापाशी हाय. पर मान मामंजींचा हाय. त्येंनी सांगितलं तरच."

सगळे बसाप्पाकडं बघायला लागले. म्हाताऱ्यानं आपल्या हातांकडं बघितलं, मग सुनेच्या गमबुटाकडं. पाण्याची घंगाळी त्यानं पायानं तिच्याकडं सरकवली.

"मान काय माज्या एकट्याच्या हाताला चिकटल्याला न्हाय," तो खणखणीत म्हणाला. "मान घराचा हाय. सून घरातलीच की! गुरवा, सर बाजूला. रत्नव्वा, घाल अंगूळ."

"पर बाईमानूस..." पाटील म्हणाला.

"तू घालतोस? ये की म्होरं."

पाटील आला नाही. त्याची सायकल मात्र तळावर गेली, डॉक्टरांना आणायला. ते रत्नव्वानंच सांगितलं. देवाला तपासू दिल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, हे आता कापडावर बघितलेल्या गावाला वेगळं पटवावं लागलं नाही. फक्त बसाप्पानं एक अट घातली. "तपासायला चिमूटभर लागंल तेवढंच घ्यायचं, बाकी समदा देव माघारी आला पायजे. आनि आमच्या दारातनं जीपमधनं जायाचा न्हाय."

डॉक्टर आले. देवळामागं ताडपत्र्या लावल्या, माणसं शंभर पावलं लांब केली. आत डॉक्टर, त्यांचा एक मदतनीस आणि रत्नव्वा, तिघंही तोंडाला फडकी बांधून, हातात मोजे घालून. तिनं अंगावरचे गोचीड विंचरून नळ्या भरल्या. डॉक्टरांनी रक्त घेतलं, पोट उघडलं, लागतील तेवढे बारीक तुकडे बर्फाच्या डब्यात ठेवले. रत्नव्वानं एकदाही मान वळवली नाही. शेवटी डॉक्टर सुईदोरा घेऊन शिवायला बसले.

"सायेब," ती थोड्या वेळानं म्हणाली, "तुमचा टाका लई लांब पडतोय."

"आत कोण बघणार आहे, बाई?"

"मामंजी बघतील. द्या हिकडं."

वाकळंला घालते तसे बारीक, एकसारखे टाके तिनं घातले. रक्त लागलेल्या मोज्यांच्या हातात सुई घसरत होती, तरी एक टाका वाकडा पडू दिला नाही. डॉक्टर शेजारी दोरा धरून बसले होते. नंतर ते जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, की एवढ्या वर्षांत असं सुबक काम त्यांच्या हातनं एकदाही झालं नव्हतं.

अंघोळ झाली आणि चार वाजता देव निघाला. पुढं रत्नव्वा, दोन्ही हातांवर स्वच्छ चादरीत गुंडाळलेला देव. मागं वीस पावलं सोडून बसाप्पा, त्याच्या मागं गाव, टाळ, भजन. ओढ्याकाठी ती खड्ड्यात उतरली. काठावर बसाप्पा गुडघे धरून बसला आणि वरनं सांगत राहिला.

"उजवा पाय आदी मोड. आता डावा. पाठ मातीला टेकीव. तोंड उगवतीला. हां. हनवटीखाली मूठभर माती दे, मान कलंडंल."

रत्नव्वानं माती दिली. मान कलंडली नाही.

"जमलं," बसाप्पा म्हणाला, आणि एवढ्या वेळानं पहिल्यांदाच त्याचे डोळे पाणावले.

त्यानंतरचे बारा दिवस रत्नव्वाचे कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्याला गोचीड चावला त्याच्यावर लक्ष ठेवा, ताप आला की कळवा. रोज सकाळी ती चुलीपुढं सासऱ्याच्या कपाळाला उलटा हात लावायची. पूर्वी सुनेची सावली टाळणारा म्हातारा आपणहून मान पुढं करायचा. वर कुरकुर असायचीच. "बग, बग. काय न्हाय. घोड्यागत हाय मी." सहाव्या दिवशी त्याला दोन शिंका आल्या, तर हिला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. तेरावा उजाडला, तेव्हा तिनं तुपातला सांजा केला. त्यानं दोनदा मागून घेतला. चिमणाबाईचा नातूही खणखणीत राहिला.

डॉक्टर गेले. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, पुण्याहून पत्र आलं. पाटलानं ते चावडीत वाचलं. करंबवाडीच्या माकडात आणि गोचिडांत त्या रोगाचं काहीही सापडलं नाही. सर्व गावाचे आभार. पुढच्या वर्षीही मेलेल्या माकडाला हात न लावता कळवावं.

"म्हंजे काय न्हाईच!" गुंडू गुरव मांडीवर थाप मारून हसला. "डोंगूर पोखरला, उंदीर बी निगाला न्हाय. एवढा देव फाडला, बाईला पुडं घाटली, आनि शेवटाला काय? भोपळा!"

चावडी खदखदली. दाराबाहेर उभ्या असलेल्या रत्नव्वाला वाटलं, भुई फाटावी. चार महिने रान ओढलं, लोकांची बोलणी खाल्ली, आणि हाती काय आलं तर काही नाही.

कोपऱ्यातनं बसाप्पा उठला. गुडघे कडकड वाजले.

"हसा. हसताय म्हंजे जित्तं हाय," तो म्हणाला. "गुरवा, आपल्या रानात दुखनं न्हाय ह्ये तुला आदी ठावं हुतं?"

"न्हाय, पर..."

"पाटला, तुला?"

पाटील पत्र घडी घालायला लागला.

"मलाबी ठावं न्हवतं. उगडं अंग घिऊन आंधळ्यागत बसलो हुतो म्या देवाम्होरं. 'न्हाय' असं म्हनायला बी कुनीतरी रान हुडकावं लागतंय. समदं रान, तिळा-तिळानं. त्ये माज्या सुनंनं केलं. हाय का तुमच्यात एकाच्या बी घरात असली?"

बसाप्पानं पाटलाच्या हातातनं पत्र घेतलं, वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून बघितलं आणि पटक्यात खोचलं. घरी आल्यावर ते लिंगाच्या कोनाड्यात ठेवलं, आणि बाहेर तोंड करून म्हणाला, "रत्नव्वा, त्यो गमबूट बाहीर उन्हात वाळतोय. कुनी न्हेला तर? आत घिऊन ठेव."

पुढच्या माघात एका सकाळी गुंडू गुरव धापा टाकत अंगणात आला. बसाप्पा उन्हाला पाय पसरून बसला होता. देव जाऊन तासही झाला नव्हता, पण या वेळी देवळापुढं खुर्ची मांडली नव्हती आणि आंब्याखाली गेलेल्या देवाला कुणी शिवलं नव्हतं. गुरवानं पटका काढला. चार पिढ्या या दारात आल्यावर घरच्या कर्त्या पुरुषाचं जे नाव घ्यायचं, ते त्यानं घेतलं नाही.

"रत्नव्वा हाय का घरात?" त्यानं विचारलं. "देव गेला. गाव खोळंबलाय."

बसाप्पानं वर बघितलं. नाव आपलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याची छाती हातभर फुगली. भिंतीला हात टेकून तो ताठ उभा राहिला आणि घरात हाक मारली.

"सूनबाई! आवर. तुला बोलावनं आलंया!"